वाचनात अडकलेल्या मुलांसाठी तीन थरांची मदत: चाळणीपासून आलेखापर्यंत

चौथीतली एक मुलगी माझ्यासमोर पुस्तक धरून बसली होती. ‘पाणी’ तिनं झटकन वाचलं. पुढच्याच ओळीत ‘पाण्यात’ आलं आणि ती थांबली. ‘पा… ण… या… त’ असं तोडून म्हणाली, माझ्याकडे बघितलं आणि बोट तिथंच ठेवून गप्प बसली. तिच्या प्रगतिपुस्तकात तीन वर्षं ‘वाचनाचा सराव आवश्यक’ असं लिहिलेलं होतं. सराव कशाचा, किती वेळ, कोण घेणार, आणि त्याचा उपयोग होतोय का हे कोण बघणार, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं. ती ओळ लिहिणाऱ्यांत मीही होते.

आमची शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. वर्षानुवर्षं मी मागे पडलेल्या मुलांना एकत्र बसवून जादा तास घेतले आणि सगळ्यांकडून तोच धडा पुन्हा वाचून घेतला. ज्याला अक्षरंच ओळखता येत नाहीत तो आणि जो फक्त जोडाक्षराला अडतो तो, दोघांना एकच औषध. मुलं कंटाळली, मी दमले, आणि मार्चमध्ये यादीत तीच नावं राहिली. त्यानंतर जी पद्धत आम्ही शाळेत बसवली ती इथं क्रमानं सांगते. उदाहरणं मराठी वाचनाची जास्त आहेत, कारण बाकी सगळे विषय तिथंच अडतात. गणिताचं मध्ये थोडं आहे.

पद्धतीला दोन मुळं आहेत. एक अमेरिकेत. मिनेसोटा विद्यापीठात स्टॅनली डेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक साधी गोष्ट मांडली: मुलाला दर आठवड्याला एक मिनिट उतारा वाचायला द्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा, आलेखावर टिंब टाका, शिकवणं लागू पडतंय की नाही ते आलेखच सांगेल. पुढं यालाच सर्वांसाठी, काहींसाठी आणि मोजक्यांसाठी अशा तीन थरांच्या मदतीची जोड मिळाली. २००४ साली तिथल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा अध्ययन अक्षमता (वाचणं, लिहिणं किंवा गणित शिकण्यातली मुळातली अडचण) ओळखतानाही ‘योग्य मदत दिल्यावर मूल कसा प्रतिसाद देतं’ हे बघायची मुभा मिळाली.

दुसरं मूळ आपल्याच मातीतलं. मुंबईच्या वस्त्यांतून ‘प्रथम’ संस्थेचं काम उभं राहिलं. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना पंधरा-वीसच्या गटात, रोज दोन तास, वस्तीतल्याच एखाद्या ताईनं शिकवायचं असा ‘बालसखी’चा प्रयोग झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो मोजून अभ्यासला आणि मुलांना फायदा झाल्याचं दाखवलं. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे अशा प्रयोगांचं मोठं काम आहे. आणि कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९च्या २४व्या कलमात शिक्षकाचं कर्तव्य स्पष्ट लिहिलंय: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहायची आणि गरजेप्रमाणे जादा शिकवायचं. तेव्हा हे वरून टाकलेलं नवं ओझं नाही. आपल्या कामाचाच तो भाग आहे.

पायरी पहिली: प्रत्येक मुलाला एकेकटं ऐका

ही झाली चाळणी, म्हणजे कोण कुठं अडलंय याची पहिली तपासणी. ती लेखी चाचणीनं सुरू करू नका. जे मूल वाचू शकत नाही ते लेखी चाचणीत सगळ्याच प्रश्नांना सारखंच कोरं राहतं. नेमकं अडलंय कुठं ते कोऱ्या कागदावरून कळत नाही.

‘असर’च्या, म्हणजे ग्रामीण मुलांना किती वाचता येतं ते घरोघरी जाऊन बघणाऱ्या ‘प्रथम’च्या पाहणीत २००५पासून वापरली जाणारी वाचनाची शिडी यासाठी पुरेशी आहे: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. सुरुवात मधून करायची. मुलासमोर चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद ठेवा. सहज वाचला तर गोष्ट द्या. अडखळला, सुटं सुटं वाचलं, तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर खाली उतरून शब्द द्या. पाचपैकी चार शब्द आले तर मूल शब्द पातळीवर. नाही आले तर अक्षरं, तिथंही पाचपैकी चार. अक्षरंही जमली नाहीत तर प्रारंभिक.

एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. दुसरी ते चौथीची आमची ३१ मुलं दोन दिवसांत ऐकून झाली. जागा मात्र नीट निवडा. व्हरांड्यात, वर्गाकडे मुलाची पाठ करून बसवा. बाकीच्यांच्या देखत अडखळायला लागलं की मूल तोंडच उघडत नाही, आणि आपण लिहितो ‘प्रारंभिक’. चुकल्यावर ‘अं हं’ म्हणायचं नाही, भुवयाही उंचवायच्या नाहीत. मुलं पुस्तकापेक्षा आपला चेहरा आधी वाचतात.

ऐकताना शेजारी वहीत चूक जशीच्या तशी लिहा. ‘डोंगर’चं ‘डोगर’ झालं, ‘घर’चं ‘धर’ झालं, ‘सूर्य’ला थांबला. पातळी गट पाडायला उपयोगी, पण उद्या सकाळी काय शिकवायचं ते या चुकाच सांगतात.

पायरी दुसरी: आधी वर्गाचा आकार बघा, मग मुलांकडे वळा

आमच्या ३१पैकी गोष्ट वाचणारी ११, परिच्छेदावर ७, शब्दावर ८, अक्षरावर ४ आणि प्रारंभिक १ निघालं. असे आकडे हातात आले की पहिला प्रश्न ‘कोण मागे आहे’ हा नसतो. ‘किती मागे आहेत’ हा असतो.

परदेशी पुस्तकांत थरांचा त्रिकोण असतो: साधारण ऐंशी टक्के मुलांना वर्गातलं शिकवणं पुरतं, पंधरा टक्क्यांना गटात थोडी मदत लागते, पाच टक्क्यांना खास लक्ष. आपल्याकडे हा त्रिकोण बहुतेक ठिकाणी उलटा दिसेल. ‘असर’नुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या २७.३ टक्के मुलांना २०१८मध्ये दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. कोरोनानंतर, २०२२मध्ये, ते प्रमाण २०.५ टक्क्यांवर आलं. निम्म्याहून अधिक वर्ग अपेक्षित पातळीच्या खाली असेल, तर छोटे गट पाडून भागणार नाही. तिथं पहिला थरच, म्हणजे सगळ्यांना रोज मिळणारं शिकवणंच, बदलावं लागतं. मुलांची यादी करून त्यांना ‘अप्रगत’ म्हणणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

पहिला थर: रोजचा एक तास पातळीप्रमाणे

आम्ही परिपाठानंतरचा एक तास सोमवार ते शुक्रवार पातळीचा ठरवला. त्या तासाला इयत्ता मोडते. दुसरीतलं आणि चौथीतलं मूल एकाच गटात बसतं. माझ्याकडे अक्षर-शब्द गट, सहकारी गुरुजींकडे परिच्छेद-गोष्ट गट आणि पहिलीची मुलं.

त्या तासात काय चालतं? मी एक गोष्ट मोठ्यानं, बोट फिरवत वाचते. त्यावर गप्पा. मग मुलं सोबत वाचतात, मग जोडीनं, मग एकेकटी. अक्षर गटात बाराखडी तक्ता, पण घोकंपट्टी नाही. ‘क’ची ओळ आली की लगेच त्यातून शब्द: काका, काकू, केक. ‘ग म भ न’ने सुरुवात करायची आपली जुनी चाल शहाणपणाची आहे, कारण दोन-तीन अक्षरांतच गमन, नमन, नभ, मग असे खरे शब्द तयार होतात आणि मुलाला पहिल्याच दिवशी वाचल्याचा आनंद मिळतो. शेवटची दहा मिनिटं लिहायला. पाटीवर, जमिनीवर खडूनं, कसंही. नुसतं वाचून अक्षर पक्कं होत नाही.

उरलेला दिवस इयत्तेप्रमाणेच चालू द्या. इयत्तेचा अभ्यासक्रम या मुलांपासून काढून घ्यायचा नाही. वाचता येत नाही म्हणून परिसर अभ्यासातली चर्चाही बंद केली, तर मूल दोन्हीकडून मागे पडतं.

सहा ते आठ आठवडे हा तास खरोखर झाला, तर बरीच मुलं एखादी पायरी वर सरकतात. जी सरकत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरा थर.

दुसरा थर: पाच-सात मुलं, नेमकं एक दुखणं

इथं गट पातळीवरून न पाडता चुकीवरून पाडायचा. वहीत लिहून ठेवलेल्या चुका आता काढा. आमच्याकडे सात मुलं निघाली जी साधे शब्द वाचत होती, पण परिच्छेदावर अडत होती. सगळ्यांच्या चुका एका कागदावर मांडल्या तेव्हा मला एक गोष्ट लख्ख दिसली, आणि आधी का दिसली नाही याचं वाईट वाटलं.

मराठीत नामाला प्रत्यय लागला की त्याचं रूप बदलतं, आणि बदलताना बहुतेक वेळा जोडाक्षर जन्माला येतं. पाणी सोपं, पाण्यात अवघड. डबा सोपा, डब्यात अवघड. तसंच वाटी-वाट्या, केळी-केळ्यांचा, नदी-नद्या. शब्दपट्ट्यांवर आपण मूळ शब्द देतो, मूल फटाफट वाचतं, आपण खूश होतो. पण वाक्यात मूळ शब्द क्वचितच येतो. परिच्छेदात येतं ते ‘डब्यातल्या वाट्या’. मूल ज्या शब्दाला ओळखतं तोच शब्द वेश बदलून येतो आणि ते गोंधळतं.

मग आम्ही जोड्यांच्या पट्ट्या केल्या. एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला डब्यात. आधी तोंडी: ‘पोळी कशात ठेवली?’ ‘डब्यात.’ मुलाच्या तोंडात तो शब्द आधीपासून आहे, हे त्याचं त्यालाच ऐकू येतं. मग पट्टी उलटायची. मग ‘ब्य’ वेगळा लिहायचा, ‘ब’चा अर्धा भाग खडूनं रंगवायचा. रफार, ‘ट्र’-‘क्र’ यांतला र आणि ‘दुसऱ्या’तला र हे नंतर, एका वेळी एकच. तिन्ही र एकाच आठवड्यात शिकवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या थराचा तास असा बसवा: आठवड्यातून चार दिवस, रोज तीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं कालची उजळणी, दहा मिनिटं नवा घटक, दहा मिनिटं तो घटक भरपूर असलेला छोटा मजकूर वाचणं, शेवटची पाच मिनिटं श्रुतलेखन. मजकूर स्वतः लिहिला तर उत्तम. गावातली विहीर, बाजार, बैल असं काही घेतलं तर मुलं स्वतःच वाक्यं सुचवतात.

वेळ कुठून आणायचा? चित्रकला, खेळ आणि मधली सुट्टी यांना हात लावू नका. जे मूल वाचनात हरलेलं असतं त्याला जिंकायला तेवढ्याच जागा उरलेल्या असतात. आम्ही भाषेच्या दुसऱ्या तासिकेतून वेळ काढला. त्या वेळी बाकीची मुलं स्वाध्याय किंवा पुस्तकपेटीतलं वाचन करतात. डी.एल.एड. या शिक्षक पदविकेचे छात्राध्यापक आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या सरावासाठी, आले असतील, तर त्यांना स्वाध्याय करणारा मोठा वर्ग द्या आणि छोटा गट अनुभवी शिक्षकानं घ्या. नेहमी उलटं केलं जातं, आणि सर्वांत अवघड काम सर्वांत नवख्या माणसाच्या गळ्यात पडतं.

पायरी तिसरी: एका मिनिटाची मोजणी

हा सगळ्या पद्धतीचा कणा आहे, म्हणून इथं थोडं थांबते.

साधारण ऐंशी ते शंभर शब्दांचे बारा-पंधरा उतारे तयार ठेवा. सगळे एकाच पातळीचे हवेत. मूल चौथीत असलं तरी त्याचं वाचन दुसरीच्या पातळीचं असेल, तर उतारे दुसरीच्या पातळीचे. शिकवलेला धडा घ्यायचा नाही. मुलं धडा पाठ म्हणतात आणि आपण फसतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी शब्दांची चढती बेरीज आपल्या प्रतीवर लिहून ठेवा, म्हणजे मोजायला वेळ जात नाही.

मोबाइलवर एक मिनिट लावा. मूल वाचतं, आपण आपल्या प्रतीवर चुकलेल्या शब्दावर रेघ मारतो. नियम ठरलेले असावेत आणि दोघा शिक्षकांचे सारखेच असावेत. शब्दाला तीन सेकंद अडलं तर सांगून पुढं जाऊ द्या, तो शब्द चूक. चुकून स्वतःच सुधारलं तर बरोबर. दोनदा वाचलं तर चूक नाही. गाळलेला शब्द चूक. आणि घरच्या बोलीतला उच्चार ही चूक नव्हे: ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलानं तो शब्द वाचलेला आहे. शेवटी ‘काय झालं गोष्टीत?’ असं विचारून दोन प्रश्न करा. नुसता वेग वाढला आणि अर्थ पोहोचत नसेल, तर आपण मुलाला भरधाव उच्चार करायला शिकवतोय.

सुरुवातीचा आकडा ठरवताना एकाच दिवशी तीन उतारे द्या आणि मधला आकडा घ्या. त्या चौथीतल्या मुलीचे आकडे १६, २३ आणि १८ आले. मधला १८. तोच तिचा आरंभ.

आता ध्येय. लहान वर्गांतल्या मुलांचं वाचन आणि गणित पक्कं व्हावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. त्यात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, अर्थासह, अशी अपेक्षा आहे. अठरावरून एकदम साठची उडी लिहून ठेवली तर ती आपल्यालाच खरी वाटणार नाही. आम्ही आठवड्याला दोन शब्दांची वाढ धरली. बारा आठवड्यांत २४, म्हणजे ४२. चौकटीच्या वहीवर आडवे आठवडे, उभे शब्द. शून्याव्या आठवड्याला १८वर टिंब, बाराव्याला ४२वर टिंब, दोन्ही पट्टीनं जोडले. ही अपेक्षेची रेघ. इंग्रजीतल्या वेगाचे तयार तक्ते मराठीला लावू नका. आपला एक शब्द, ‘डब्यातल्यासारखं’, तिकडच्या चार शब्दांचं ओझं वाहतो.

दर शुक्रवारी एक मिनिट, एक टिंब. दहा मुलं असली तरी वीस-पंचवीस मिनिटांत संपतं. टिंब मुलानं स्वतः टाकावं. वर्गाच्या भिंतीवर हे आलेख लावायचे नाहीत. ते मुलाचं आणि आपलं खासगी काम.

पायरी चौथी: टिंबं बघून निर्णय

मोजणी करणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. तक्ते भरले जातात, वर जातात, आणि वर्गात सोमवारी तेच चालू राहतं. मोजायचं ते काहीतरी ठरवण्यासाठी. म्हणून निर्णयाचा नियम आधीच लिहून ठेवा, नाहीतर दर शुक्रवारी ‘आणखी एक आठवडा बघू’ होतं.

नियम साधा आहे. ओळीनं शेवटची चार टिंबं रेघेच्या खाली असली, तर शिकवण्यात बदल. चारही वर असली, तर ध्येय वाढवा. काही वर, काही खाली असली, तर चालू ठेवा.

त्या मुलीची सहा आठवड्यांची टिंबं अशी होती: २०, २१, २०, २२, २१, २२. रेघेप्रमाणे सहाव्या आठवड्याला ३० हवे होते. शेवटची चारही टिंबं खाली. या जागी ‘मुलगीच मंद आहे’ असं मनात येतं. ते मनात येण्याआधी तीन गोष्टी तपासा, याच क्रमानं.

तास खरोखर झाले का? मी हजेरी काढली. सहा आठवड्यांत चोवीस तास व्हायला हवे होते. सभा, प्रशिक्षण, सर्वेक्षण, मुलीची गैरहजेरी धरून तिच्या वाट्याला तेरा आले होते. औषध अर्धंच पोटात गेलेलं, आणि दोष रोग्याला.

शिकवलेलं नेमकं होतं का? तिच्या चुका पुन्हा लिहिल्या. जोडाक्षरांवर ती सुधारली होती, पण अनुस्वार गाळत होती: डोंगरचं डोगर, आंबाचं आबा, सुंदरचं सुदर. अर्थ तुटला की थांबायची, मागं जायची, वेळ जायचा. मी तिला अनुस्वार कधी वेगळा शिकवलाच नव्हता.

गट मोठा आहे का? सातांच्या गटात तिला स्वतः मोठ्यानं वाचायला दोन-तीन मिनिटं मिळत होती.

बदल एका वेळी एकच केला तर कशाचा उपयोग झाला ते कळतं, हे खरं. पण मूल चौथीत आहे आणि वर्ष संपत आलंय, तेव्हा मी दोन बदल एकदम केले: गट तिघांचा, आणि रोज दहा मिनिटं फक्त अनुस्वाराच्या जोड्या, आबा-आंबा, वग-वंग, गगा-गंगा, नाकावर बोट ठेवून. अनुस्वार म्हणताना नाकात होणारी थरथर बोटाला लागते. मुलांना हे फार आवडतं. आलेखावर त्या दिवशी उभी तुटक रेघ मारली, म्हणजे बदल कधी झाला ते पुढं दिसेल. नंतरची टिंबं: २४, २७, ३१, ३३, ३७, ३९. ध्येयाला तीन शब्द कमी पडले, पण आलेखाचा चढ बदलला होता. आणखी चार आठवडे तेच चालू ठेवायचं ठरवलं.

तिची आजी पालकसभेला आली होती. शिक्षणाबद्दल बोलायला संकोचत होती, मागं बसली. सभा संपल्यावर तिला वही दाखवली. तिनं टिंबांवरून बोट फिरवलं, तुटक रेघेपाशी थांबली आणि म्हणाली, ‘‘बाई, हितनं चढाय लागलंय न्हवं?’’ आलेख समजायला अक्षर यावं लागत नाही. पालकांशी बोलताना ‘तुमची मुलगी कच्ची आहे’ या वाक्याऐवजी ही वही पुढं ठेवा, आणि घरी करता येईल अशी एकच गोष्ट मागा. आम्ही मागितलं ते एवढंच: संध्याकाळी तिनं पाच मिनिटं वाचावं आणि कुणीतरी शेजारी बसून ऐकावं. ऐकणाऱ्याला वाचता आलं पाहिजे असं नाही.

गणितात

शिडी अशीच: एक अंकी संख्या ओळख, दोन अंकी, हातच्याची वजाबाकी, भागाकार. आठवड्याच्या मोजणीला दोन मिनिटांचा कागद द्या आणि गणितं न मोजता बरोबर अंक मोजा. ५३ वजा २७चं उत्तर २६. मुलानं ३६ लिहिलं तर एक अंक बरोबर: एककात दशक सुटा करून घेतला, पण दशकातला एक कमी करायचा राहिला. ३४ लिहिलं तर शून्य: ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढतंय. दोघांनाही ‘चूक’ मिळते, पण दोघांना उद्या वेगळं शिकवायचं आहे. ३४वाल्याला काड्यांचा गठ्ठा सोडायला लावा. आधी हातानं, मग कागदावर.

संख्या सांगून लिहून घ्या. ‘पंचेचाळीस’ला ५४ लिहिणारं मूल निष्काळजी नाही, आपल्या संख्यानामात पाच आधी ऐकू येतो म्हणून ते आधी लिहितं. ‘एकोण’वाल्या संख्यांचं तर विचारूच नका. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला. पण अडलेल्या मुलाला वर्गात दोन्ही नावं सोबत म्हणू दिली, ‘चाळीस पाच, पंचेचाळीस’, तर दशक एकक जागेवर बसतात, हा माझा अनुभव आहे.

तिसरा थर: एक किंवा दोन मुलं, आणि कान-डोळे आधी

दुसऱ्या थरात दोनदा बदल करूनही आलेख आडवाच राहिला, तर मूल तिसऱ्या थरात येतं. रोज वीस मिनिटं, एकास एक किंवा एकास दोन. घटक आणखी बारीक, उजळणी आणखी जास्त, मोजणी आठवड्यातून दोनदा.

पण त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा अशा मुलांची नावं वेगळी लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, आणि ‘फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघतो’, ‘मागून हाक मारली तर वळत नाही’ असं नेमकं सांगा. चष्म्यानं जे सुटतं त्यासाठी जोडाक्षरांच्या पट्ट्या करत बसण्यात अर्थ नाही.

घरची भाषा विचारात घ्या. मेळघाटातलं कोरकू बोलणारं, सातपुड्यातलं पावरी बोलणारं किंवा तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं मूल मराठी वाचायला शिकत असतं तेव्हा मराठीही शिकत असतं. त्याला आधी तोंडी शब्द हवेत. अक्षरओळख पक्की पण अर्थ लागत नाही, असा आलेख दिसला तर हे कारण पहिल्यांदा तपासा.

आणि अध्ययन अक्षमता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६मधल्या २१ प्रकारांत तिचा समावेश आहे, आणि तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावी असं २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं. निदान आपण करायचं नाही, तो तज्ज्ञांचा प्रांत. आपण गटसाधन केंद्रातल्या (शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्रातल्या) विशेष शिक्षकांना बोलवायचं आणि वही पुढं ठेवायची: काय शिकवलं, किती तास, टिंबं कशी गेली, चुका कोणत्या. नुसतं ‘काही येत नाही’ म्हणण्यापेक्षा या वहीनं तपासणीला खरी मदत होते. मात्र ‘आधी तिन्ही थर पूर्ण होऊ देत, मग पाठवू’ असं कधीही करू नका. अमेरिकेत हीच चूक होऊ लागली, तेव्हा तिथल्या शिक्षण खात्याला २०११मध्ये लेखी कळवावं लागलं की थरांच्या मदतीचं निमित्त करून तपासणी लांबवता येणार नाही. शंका आली त्याच दिवशी पालकांशी बोला. मदत आणि तपासणी दोन्ही सोबत चालू शकतात.

थरातून बाहेर, आणि गावातून बाहेर

ओळीनं तीन टिंबं ध्येयावर किंवा वर आली की मूल गटातून मोकळं. पण आलेख लगेच बंद करू नका. पंधरा दिवसांतून एक टिंब, दोन महिने. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या शुक्रवारी सगळ्या जुन्या मुलांची मोजणी पुन्हा करा. सुट्टीत घसरण होते, ती लवकर दिसली तर आठवड्या-दोन आठवड्यांत भरून निघते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं आपल्या आलेखाच्या मधूनच निघून जातात. दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, पण कार्डावर शाळेचं नाव आणि इयत्ता कळते, अडचण कळत नाही. म्हणून आम्ही मुलाच्या दप्तरात एक पानाची चिठ्ठी देतो. जूनमध्ये पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलांनाही तीच देतो, तिथल्या वर्गशिक्षकांच्या हातात पडेल अशी. त्या मुलीच्या चिठ्ठीवर असं लिहिलं होतं:

‘शेवटचं वाचन: मिनिटाला ४७ शब्द, अर्थ सांगते. जोडाक्षर आणि अनुस्वार झालेत. रफार अजून अडतो, ‘सूर्य’, ‘पर्वत’ आलं की थांबते. पट्ट्या सोबत दिल्या आहेत. तिघांच्या गटात छान वाचते, सगळ्या वर्गासमोर उभं केलं तर बोलत नाही. पहिल्या महिन्यात उभं करू नये. प्राण्यांच्या गोष्टी आवडतात. टिंब स्वतः टाकते, वही तिच्याकडेच आहे.’